स्टेलाला परत आणणेबाबत

मु. नेवासा,
१७ मे

ती. दीनाअक्कास,

धाकट्या यशयाचा मनापासून सलाम आणि जय ख्रिस्त. दाजींनाही सलाम सांग, ते तो स्वीकारतील अशी आशा आहे.

मी इकडे बरा आहे. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही, रक्त तपासून लिहिलं आहे. आज सकाळी साखर एकशे अठ्ठावीस होती. तुझे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करून लावत जा, आणि लावलं की लगेच उठून म्हशीकडे धावू नकोस, ती म्हैस तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. दाजींचा खोकला काय म्हणतो? गीतं चालू असताना थांबतो आणि पाळकसाहेब बोलायला उभे राहिले की सुरू होतो, असं तू नाताळात म्हणाली होतीस. (तो औषधाने बरा होणारा खोकला नाही. मलाही पूर्वी होता.) पुणतांब्यात ऊन कसं आहे ते विचारत नाही, कारण इथे जे आहे तेच तिथे असणार.

पत्राचं पाकीट बघून तू दचकली असशील. हल्ली पाकीट येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. पण अक्का, तू फोन उचलत नाहीस. मोजले नाहीत, पण गेल्या वीस दिवसांत फोनचं बटण झिजलं. शेवटी दाजींना लावला, तर दाजी म्हणाले, “राँग नंबर, यशया.” आता राँग नंबरवाल्याचं नाव दाजींना कसं ठाऊक, हे मी विचारणार होतो, तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, “ठेवा तो फोन.” मग ठेवला. तुझा राग मला मान्य आहे. तू मला एका कामाला पाठवलंस, मी गेलो आणि हात हलवत परत आलो. पण माणसाला शिक्षा देण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेतात, ते या पत्रात लिहितो. निवांत बसून वाच. चष्मा लाव.

तुझं सांगणं मला अजून तोंडपाठ आहे. स्टेला, तुझं शेंडेफळ, नागापूरच्या पुढच्या त्या कॉलेजात चार वर्षं झाली उंदरांच्या मेंदूवर संशोधन करते आहे. ना पदवी हातात, ना घरी येणं. इकडे तुमच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा निघाली आहे, मुख्याध्यापिकाबाईंनी ती एप्रिलअखेरपर्यंत अडवून ठेवली आहे. पोरगी आईचं ऐकत नाही, बापाचं तर कधीच ऐकलं नाही, पण मामाचं ऐकते. तेव्हा मामाने जाऊन तिला बॅगेसकट घेऊन यावं. मी “हो” म्हणालो. मी तुला आजवर “नाही” कधी म्हणालोय? (एकदाच म्हणालो होतो, सातवीत असताना, तेव्हा तू मला हौदात बसवलं होतंस.)

तर एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सकाळी सहाच्या एसटीने निघालो. त्या दिवशी माझा उपवास होता. प्रभूच्या दुःखसहनाच्या काळातला. (तारखांकडे लक्ष देऊ नकोस, तो विषय पुढे येणारच आहे.) साखरेची गोळी मात्र उठल्या उठल्या घेतली, कारण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की गोळी चुकवायची नाही. खाणं चुकवायचं नाही असंही ते म्हणाले होते, पण ते गोळीच्या पाकिटावर छापलेलं नव्हतं. शेजारच्या बनुबाईंनी स्टेलासाठी दोन डझन गावरान अंडी पिशवीत भुशात घालून दिली होती. ती पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसलो. घोडेगावला एक कांद्याचा व्यापारी शेजारी येऊन बसला, आणि बसला तो असा की माझी निम्मी जागा त्याने न विचारता ताब्यात घेतली. पांढरीपुलाला गाडी थांबली. सगळी गाडी खाली उतरून भेळ खाऊ लागली. व्यापाऱ्याने खिडकीतून कागदाचा द्रोण पुढे केला, “घ्या की बाबा, दोन घास.” मी म्हणालो, उपवास आहे. “मंग शेंगदाने निवडून खावा की.” मी त्याला समजावलं की आमच्यातल्या उपवासाला शेंगदाणे, साबुदाणा, भगर, असली काही पळवाट नसते. तो जरा मागे सरकला आणि म्हणाला, “मंग तुमचा उपवास लई कडक हाय बगा.” अक्का, खोटं कशाला सांगू, छाती फुगली. गर्वाच्या पाठोपाठ काय येतं ते आपण लहानपणापासून रविवारच्या शाळेत पाठ केलेलं आहे, पण पाठ केलेलं वेळेला आठवतंच असं नाही.

नगरला तारकपूर स्टँडवर उतरून रिक्षाने कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि हाताला बारीक कंप सुटला होता. म्हटलं, उन्हाचा असेल. फाटकावर सहादेव नावाचा पहारेकरी आहे. भला माणूस, पण वहीचा पक्का. वहीत नाव लिहा, गाव लिहा, कोणाला भेटायचं ते लिहा, आणि भेटीचं कारण लिहा. मी सरळ माणूस, लिहिलं, “भाचीला परत नेणे.” त्याने ते बोट ठेवून दोनदा वाचलं. “बाबा, आतून काय बी भायेर न्यायचं आसंल तर गेटपास लागतो. मॅडमची सही पायजे.” मी म्हणालो, अरे, भाची आहे माझी, कपाट नाही. “ते मला म्हाईत न्हाई. न्यायचं लिवलंय ना तुमी? मंग गेटपास.” शेवटी “नेणे” खोडून “भेटणे” केलं. (आपलं काम तिथेच फसलं, असं आता मागे वळून बघताना वाटतं.)

स्टेला धावत आली. वाळली आहे, पण चेहऱ्यावर तजेला आहे, तू घाबरतेस तशी काही नाही. केस नीट बांधलेले होते. मला बघून एवढी हरखली की आल्या आल्या “चल, बॅग भर” असं म्हणणं काही जमेना. म्हटलं, आधी जरा हिचं काम बघू, मग सांगू. तिने मला पांढरा झगा, डोक्याला टोपी आणि पायात कागदी पिशव्या घातल्या. (माझी करुणा असती आणि तिने मला तशात बघितलं असतं तर लग्नातला आचारी समजून मीठ जास्त झालंय का विचारलं असतं.) आत गारेगार खोली, मोठं सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला टीव्हीसारखा पडदा, आणि एक कपाट, त्यात पेशी ऊब देऊन ठेवतात, कोंबडीखाली अंडी ठेवतो तशा. बनुबाईंची पिशवी मी त्याच कपाटाशेजारी टेकवली.

आता तुझी लेक चार वर्षं काय करते ते ऐक, कारण ते तू तिला कधी विचारलं नाहीस आणि मीही नाही. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, नाव सगळं त्यांचं. पण त्यांच्याभोवती दुसऱ्याही पेशी असतात, चांदणीसारख्या फांद्या फुटलेल्या. त्या विचार करत नाहीत. त्या विचार करणाऱ्यांना जेवायला घालतात, त्यांचं उष्टं-खरकटं उचलतात, त्यांना आधार देऊन उभं ठेवतात. (हे ऐकताना मला तूच दिसायला लागलीस.) चौतीस वर्षं मी वीज मंडळात वायरमन होतो. लोक तारेकडे बघतात, खांबाकडे कोणी बघत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तर या चांदण्या एकमेकींना फांद्या लावून असतात आणि जिथे फांदीला फांदी लागते तिथे अगदी बारीक दारं असतात. त्या दारांतून एकीकडचं खाणं दुसरीकडे जातं आणि निरोपही जातात. स्टेलाने दाखवलं. काळ्या पडद्यावर मंद हिरवे ठिपके होते. तिने केसाहून बारीक काचेच्या सुईने एका पेशीला नुसता धक्का दिला, ती उजळली. मग तिची शेजारीण उजळली, मग तिची, मग तिची, अशी सात-आठ घरं तो उजेड गोल पसरत गेला आणि विझला. अक्का, मी आयुष्यात पुष्कळ लाइटा लावल्या, पण अशी नाही. मी म्हटलं, पुन्हा कर.

“आता हे बघा मामा,” ती म्हणाली, आणि दुसरी बशी ठेवली. त्या बशीतल्या पेशींची साखर तिने तासभर तोडली होती. सुई लावली. ती एक पेशी उजळली, शेजारीण जराशी मिणमिणली, आणि बस. पुढे कोणालाच पत्ता नाही. सगळ्या होत्या तिथेच होत्या, जिवंत होत्या, पण निरोप जाईना. शरीरात साखर कमी पडली, प्राणवायू कमी पडला, की मेंदूत असंच होत असणार, आणि एकदा दारं बंद झाली की ती परत उघडतात का, किती वेळाने उघडतात, हा तिचा प्रश्न. “मी साखर परत देते आणि पंधरा मिनिटं थांबते. चार महिने रोज थांबतेय. पंधरा मिनिटांनी त्या बोलत नाहीत मामा. माझ्या गाईड धनश्री मॅडम म्हणतात, तसंच लिही, तुटलं ते तुटलं, आणि विषय बदल.” असं म्हणून तिने त्या बशीत साखरेचं पाणी घातलं आणि घड्याळात बघितलं. म्हटलं, आता बोलावं. पोरगी आधीच खचलेली आहे, शाळेची जागा पण आहे. मी तोंड उघडलं.

यापुढचं मला नीट आठवत नाही. जे लिहितो ते स्टेला आणि सहादेव यांच्या साक्षीवरून, आणि त्या दोघांच्या साक्षी जुळत नाहीत. स्टेला म्हणते, मला दरदरून घाम फुटला होता आणि मी तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे बघत होतो. सहादेव म्हणतो, मी आरोळी ठोकली ती फाटकापर्यंत ऐकू आली. आरोळी अशी होती: “लाइन बंद करा! अजिनाथ खांबावर हाय!” (अजिनाथ माझा नोकरीतला जोडीदार. तो सहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाला आणि त्या वेळी खांबावर नव्हे, लेकीच्या घरी सोफ्यावर होता. मी नंतर फोन करून खात्री केली.) आणि कोणी काही करायच्या आत मी पुढे होऊन मेन स्विच खाली ओढला. चौतीस वर्षांची सवय अक्का, अंधारातसुद्धा हात चुकत नाही. सगळा मजला गप झाला. पंखे, सूक्ष्मदर्शक, पडदा, उबेचं कपाट, सगळं. धनश्री मॅडम बाहेर आल्या, तर मी त्यांना “उपअभियंतासाहेब” म्हणालो आणि खांबावरचा माणूस उतरून त्याने परमिट परत केल्याशिवाय लाइन चालू होणार नाही असं बजावलं. सहादेव धावत आला तो थेट बनुबाईंच्या पिशवीत पाय घालूनच. दोन डझनांतली सात वाचली.

इथवर तू हसली असशील, तर बरं झालं. पुढचं हसण्यासारखं नाही. स्टेला माझा हात धरून म्हणाली, “मामा, माझ्याकडे बघा. मी कोण?” आणि मी तिच्याकडे बघून विचारलं, “तू कोणाची गं, पोरी?” अक्का, जिला मी खांद्यावर बसवून नगरचा किल्ला दाखवला, जिच्या बाप्तिस्म्याला मी टोपडं आणलं होतं, तिला मी विचारलं, तू कोणाची.

पण पोरगी रडली नाही आणि गोंधळलीही नाही. खोलीत उंदरांची साखर मोजायचं छोटं यंत्र होतं, त्यावर तिने माझं बोट टोचलं. चव्वेचाळीस. मी म्हणे तोवर ग्लुकोज लिहिलेल्या एका बाटलीकडे हात नेला होता (तेवढं वाचता येत होतं, भाची ओळखता येत नव्हती). तिने झडप घालून ती काढून घेतली, प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही म्हणून, आणि ओरडली, “सहादेवकाका, तुमचा चहा!” सहादेवचा चहा सगळ्या कॉलेजात ओळखला जातो, त्यात चमचा उभा राहतो एवढी साखर असते. तो त्याने मला घोट घोट पाजला. वर खिशातला गुळाचा खडा दिला, तंबाखूच्या पुडीला लागलेला होता, पण ती वेळ नाकं मुरडायची नव्हती. दहा-बारा मिनिटांनी मला आधी सहादेव दिसला, मग झगा दिसला, मग स्टेला. मी म्हणालो, “स्टेला, लाइट का गेली गं?” तेव्हा मात्र ती रडली.

नंतर तिने मला कँटीनला नेऊन समोर दोन पोळ्या आणि मटकीची उसळ ठेवली, आणि मी संपवेपर्यंत समोरून हलली नाही. (हे तुझ्यावर गेलं आहे.) मग विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? मी म्हणालो, उपवास होता. कसला? मी म्हणालो, प्रभूच्या दुःखसहनाचा.

“मामा,” ती म्हणाली, “ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. तुम्ही कधी उठणार?”

मग मी तिला खरं सांगितलं, आणि आता तुलाही सांगतो. करुणा गेल्यापासून दोन वर्षं माझ्या घरात सकाळची चूल पेटली नाही. दुपारचा डबा बनुबाईंकडून येतो. सकाळी बिनसाखरेचा चहा, रात्री काही असलं तर, नाहीतर पाणी. एका माणसासाठी तवा ठेवायचा, एकच ताट घ्यायचं, आणि समोरच्या पाटाकडे बघत जेवायचं, ते जमत नाही. कोणी विचारलं की उपवास म्हणून सांगायचं. आपल्या मंडळीत माझा मोठा मान वाढला आहे त्यामुळे, परवा चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांत नाव सुचवत होते. तुला फोनवर “जेवलो” म्हणत होतो, ते दुपारचं धरून म्हणत होतो.

स्टेलाने माझं रिकामं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “मामा, आईला वाटतं मी उंदरांत अडकलेय. आज पाव तास तुम्ही मला ओळखलं नाही. त्या पाव तासात आत काय होतं, तेच मी चार वर्षं शोधतेय.” एवढंच बोलली. शाळेची गोष्ट मी सांगितली, अगदी इमानदारीने, तुझ्या शब्दांत. ती म्हणाली, शाळा चांगलीच आहे, पण मला अजून सहा महिने हवेत. मग उठली. म्हणाली, ती बशी आता टाकून द्यायला हवी, दीड तास होऊन गेला.

मी पण मागोमाग गेलो. लाइट आलेली होती. (मेन चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनने विचारलं म्हणे, “परमिट परत केलं का बाबांनी?” कॉलेजभर झालं होतं.) उबेचं कपाट बंद पडून पेशी गार झाल्या असतील अशी मॅडमना काळजी होती, पण एप्रिलमधलं नगर, वीज गेल्यावर खोलीच कपाटाएवढी तापली होती. स्टेलाने बशी टाकायला उचलली आणि काय मनात आलं, पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सुई लावली. एक पेशी उजळली. मग शेजारीण उजळली. मग तिसरी उजळली, जरा दमानं, म्हातारं माणूस जिना चढतं तशी. मग चौथी. पाचवी. सहावी. स्टेलाने माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

त्या बोलत होत्या, अक्का. तुटलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं. पंधरा मिनिटांनी बघितलं की गप्प, आणि ही पोर नियमाला धरून रोज पंधराव्या मिनिटाला बघायची आणि “नाही” असं लिहायची. त्यांना वेळ जास्त लागत होता एवढंच. धनश्री मॅडम आल्या, त्यांनी स्वतः सुई लावून बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मग म्हणाल्या, एका बशीवरून काही सिद्ध होत नाही, आणि त्यातून ज्या दिवशी वीज गेली त्या दिवशीच्या बशीवरून तर मुळीच नाही. पण म्हणताना हसत होत्या. तेव्हापासून स्टेलाने तीन आठवड्यांत तोच प्रयोग अकरा वेळा केला, वीज न घालवता. आठ वेळा निरोप परत सुरू झाला, तीन वेळा नाही. त्या तीन वेळा का नाही, यावर ती आता झगडते आहे, आणि विषय बदलायची गोष्ट मॅडमनी पुन्हा काढलेली नाही. यातून उद्या कोणाचं औषध निघेल असं समजू नकोस, मीही तसंच समजलो होतो, तर तिने मला झापलं. उंदरांच्या पेशी आहेत, बशीतल्या आहेत, माणसापर्यंतची वाट लांब आहे. पण वाट आहे, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो.

संध्याकाळी निघताना वहीत सही करायला थांबलो तर सहादेव म्हणाला, “काय बाबा, न्यायचं ऱ्हायलंच की.” मी म्हणालो, असू दे इथेच, चांगल्या जागी आहे.

त्यानंतर तिने मला डॉक्टरांकडे नेलं. गोळी निम्म्यावर आली. नियम असा ठरला की सकाळी मी काय खातो त्याचा फोटो तिला पाठवायचा, तिचा “घ्या” असा निरोप आला की मगच गोळी. पहिल्या आठवड्यात मी हुशारी केली, मंगळवारच्या पोह्यांचा फोटो गुरुवारी परत पाठवला. बशीशेजारी मंगळवारचा पेपर दिसत होता. फोन आला, पंधरा मिनिटं चालला, आणि तू लहानपणी हौदापाशी जे बोलली होतीस ते सगळं त्यात आलं. आता उपीट जमतं. गुठळ्या होतात, पण गुठळ्याही पोटातच जातात. बनुबाई म्हणतात, “भाऊ, तुमच्या घरातून फोडनीचा वास येतो आता, बरं वाटतं.” मलाही बरं वाटतं. काल अंड्याची पोळी केली आणि चांगली झाली, तर करुणाचं ताट पण घासून घेतलं आणि तिच्या फोटोपुढे न ठेवता त्यातच जेवलो.

तर अक्का, माझं म्हणणं एवढंच. पोर बिघडलेली नाही आणि अडकलेलीही नाही. तिला सहा महिने दे. त्या दिवशी कॉलेजच्या जागी ती शाळेत असती, आणि मी माझ्या घरी एकटा असतो, तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, आणि फार छोटं असतं. राग धर, पण माझ्यावर धर, मला सवय आहे. दाजींना प्रकृतीला जपायला सांग.

तुझा धाकटा,
यशया

ता. क. एक सांगायचं राहिलं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना मी २९ एप्रिललाच फोन करून कळवलं की स्टेला येणार नाही, जागा दुसऱ्याला द्यावी. मी “मुलीच्या आईच्या वतीने बोलतोय” असं म्हणालो. त्यांनी ती जागा एका गरजू मुलीला दिली आहे आणि तुझे मोठ्या मनाबद्दल आभार मानले आहेत. रविवारी उपासनेला देवळात भेटल्या तर ते आभार स्वीकार, तोंड वाकडं करू नकोस.

ता. क. दुसरं. १३ जूनला कॉलेजात स्टेला आपलं काम सगळ्यांसमोर सांगणार आहे, दहा मिनिटं. मराठीतही सांगणार आहे, कारण मॅडम म्हणाल्या, ज्या पेशंटच्या बाबतीत हे घडलं त्याला कळलं पाहिजे. (तो पेशंट मी.) पहिल्या रांगेत घरच्यांसाठी तीन खुर्च्या आहेत. ती म्हणते आईला सांगू नका, आई येणार नाही. म्हणून सांगतो आहे.

ता. क. तिसरं. हे पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस, मांडीवर कागद आहे. हे पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो, पण पोस्ट रविवारी बंद, तेव्हा पुणतांब्याचीच गाडी धरली. आता तुझ्या ओट्यावर बसलोय. आत मिक्सर चालू आहे म्हणून तुला कडीचा आवाज गेला नसावा, असं मी धरून चालतो. पाकीट दाराखालून सरकवतोय. वाचून झालं की लगेच दार उघडलं नाहीस तरी चालेल, ऊन मला बाधत नाही, पण तुझ्या फाटकाबाहेर नगरहून दोन दिवसांची बॅग घेऊन जी उभी आहे तिला बाधतं. मी म्हटलं चल आत, तर म्हणते, आईने हाक मारली तर येईन. भाकरी चौघांच्या टाक.